शब्दांचे अवयव, अर्थांचे अवयवी

‘विहिरीत पाणी नाही’ आणि ‘विहिरीला पाणी नाही’ ही दोन वाक्ये ग्रामीण महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या दिवसांत सर्रास ऐकू येतात. दोहोंतील शब्द जवळजवळ तेच असले, तरी बोलणारा त्यांची अदलाबदल करीत नाही. विहिरीत पाणी नाही, याचा अर्थ पाणी आज उपसले गेले आहे किंवा आटले आहे. रात्रीतून झरे भरतील, पाऊस पडला की ती पुन्हा भरेल. विहिरीला पाणी नाही, याचा अर्थ मात्र त्या विहिरीला झराच लागलेला नाही; खोदाईचा खर्च वाया गेला. टंचाईच्या अहवालात पहिले वाक्य लिहिले तर तात्पुरत्या पाणीपुरवठ्याचा विचार होईल. दुसरे लिहिले तर नव्या उद्भवाचा शोध घ्यावा लागेल. एका प्रत्ययाने एवढा फरक पडतो, कारण पहिल्या वाक्यात पाणी ही विहिरीत असणारी वस्तू आहे, तर दुसऱ्या वाक्यात पाणी हे विहिरीचे अंग मानले आहे.

एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूचे अंग आहे, भाग आहे, ही जाणीव भाषेतील असंख्य शब्दांना एकमेकांशी बांधून ठेवते. बोट आणि हात, आरा आणि चाक, ओसरी आणि घर, सदस्य आणि समिती, तालुका आणि जिल्हा या जोड्यांतील नाते भाषाशास्त्रात अवयव-अवयवी संबंध म्हणून ओळखले जाते. पाश्चात्त्य अभ्यासकांनी ‘भाग’ या अर्थाच्या ‘मेरोस’ या ग्रीक शब्दावरून त्यास ‘मेरॉनिमी’ असे नाव दिले आहे. हे नाते आणि प्रकारवाचक नाते यांची गल्लत होऊ देता कामा नये. आंबा हे झाड आहे. फांदी हे झाड नाही, ती झाडाची आहे. ‘आहे’ आणि ‘चा-ची-चे’ एवढ्या साध्या कसोटीने प्राथमिक शाळेतील मुलासही दोन्ही नाती वेगळी करता येतात. तरीही शब्दसंग्रहाच्या पाठात ‘झाडाशी संबंधित शब्द सांगा’ असा प्रश्न विचारला जातो, आणि आंबा, फांदी, सावली व माळी अशी सर्व उत्तरे एकाच रांगेत बसविली जातात.

मराठीच्या व्याकरणात या नात्याची एक खूण आढळते. बैलाला दोन शिंगे असतात. शेतकऱ्याकडे दोन बैल असतात. शिंग बैलापासून वेगळे होत नाही, म्हणून ‘ला’. बैल विकता येतो, म्हणून ‘कडे’. घराला दोन दारे असतात. घरात चार माणसे असतात. नातलगांनाही मराठी अंगाचाच मान देते: माणसाला दोन भाऊ असतात, त्याच्याकडे दोन भाऊ असतील तर ते पाहुणे आले आहेत असे समजावे. मौज अशी की, शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर असतो, परंतु त्याला पाच एकर जमीन असते. जमिनीला ही भाषा मालमत्तेत न धरता जणू शरीरात आणि गोतावळ्यात धरते. ‘शाळेला शिक्षक नाही’ आणि ‘शाळेत शिक्षक नाही’ यांतील भेदही असाच आहे. पहिली तक्रार रिक्त पदाची, दुसरी गैरहजेरीची. पहिलीचे उत्तर नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याने द्यावयाचे असते, दुसरीचे शिक्षकाने. ही कसोटी सर्वत्र लागू पडते असे मात्र नाही. खुंटीला टोपी असते म्हणून टोपी हा खुंटीचा अवयव ठरत नाही.

अवयव कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे प्रत्येक भाषा आपापल्या परीने ठरविते. मराठीतील ‘हात’ खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत पोहोचतो. दंड, कोपर, मनगट, तळवा, पेरे, नखे ही सर्व त्याची अंगे. ‘हात मोडला’ असे म्हटले की दंडापासून मनगटापर्यंत कोठेही हाड मोडलेले असू शकते. पण ‘हात धुऊन ये’ असे सांगितले तर कोणीही खांद्यापर्यंत पाणी घेत नाही. इंग्रजीत या दोहोंसाठी दोन निरनिराळे शब्द आहेत. मराठीस ‘पंजा’ या शब्दाचे साहाय्य घ्यावे लागते, आणि ते बहुधा घेतले जात नाही. घरगुती बोलण्यात त्यामुळे काही बिघडत नाही. अपघाताच्या पंचनाम्यात किंवा दाखल्यात ‘उजव्या हातास इजा’ असे तीन शब्द लिहिले जातात तेव्हा मात्र बिघडते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत उत्पन्नक्षमतेतील घट अवयवागणिक ठरविली होती: अंगठा गमावल्यास ३० टक्के, एका हाताची चार बोटे गमावल्यास ५०, संपूर्ण पंजा गमावल्यास ६०, खांद्याच्या सांध्यातून हात कापावा लागल्यास ९० टक्के. म्हणजे ‘हात गेला’ या एका वाक्यात ६० आणि ९० हे दोन्ही आकडे दडलेले होते, आणि कामगाराच्या पदरी काय पडणार हे त्यावर अवलंबून होते. याच अनुसूचीत अंगठा वेगळा आणि बोटे चार मोजलेली आहेत. मराठी माणूस मात्र ‘पाची बोटे सारखी नसतात’ असे म्हणताना अंगठ्यालाही बोटांतच मोजतो.

पूर्णाच्या नावाने भागाचा निर्देश करणे ही भाषेची फार जुनी खोड आहे, आणि आपल्याकडील वैयाकरणांच्या ती दोन हजार वर्षांपूर्वीच लक्षात आली होती. पतंजलींनी व्याकरण-महाभाष्याच्या आरंभीच्या आह्निकात असे दाखविले आहे की, समुदायासाठी रूढ झालेले शब्द त्या समुदायाच्या अवयवांसाठीही वापरले जातात. त्यांची उदाहरणे अगदी घरगुती आहेत. मनुष्य ‘तूप खाल्ले’, ‘तेल खाल्ले’ असे म्हणतो, तेव्हा जगातील सगळे तूप त्याने खाल्लेले नसते. वाटीभर तुपालाही तूपच म्हणतात. पांचाल देशाच्या पूर्वेकडील भागालाही पांचालच म्हणतात. त्याहूनही आधी पाणिनींनी अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादाचा प्रारंभच अवयववाचक समासाने केला आहे. शरीराचा पुढचा भाग तो ‘पूर्वकाय’, दिवसाचा आधीचा भाग तो ‘पूर्वाह्न’, नंतरचा ‘अपराह्न’. या समासांत भाग आधी येतो आणि पूर्ण नंतर. कार्यभार हस्तांतरणाच्या प्रमाणपत्रात ‘मध्यान्हपूर्व’ की ‘मध्यान्होत्तर’ यावर काट मारणाऱ्या कर्मचाऱ्यास आपण दिवसाचे अवयव पाडीत आहोत याची कल्पनाही नसते. वेतनाचा अर्धा दिवस मात्र त्या काटेवर अवलंबून असू शकतो.

याच्या उलट, भागाच्या नावाने पूर्णाचा निर्देश करण्याची रीतही तितकीच रुळलेली आहे. ‘शंभर उंबऱ्यांचे गाव’ यात उंबरा म्हणजे घर. ‘खाणारी तोंडे’ म्हणजे माणसे. अर्थसंकल्पाच्या भाषणात येणारा ‘दरडोई उत्पन्न’ हा भारदस्त शब्द तरी दुसरे काय करतो? डोई मोजून माणूस मोजतो. यांतील ‘चूल’ हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. दोन भाऊ एका छपराखाली राहत असले, तरी ‘त्यांच्या चुली वेगळ्या आहेत’ असे सांगितले की ती दोन कुटुंबे आहेत हे ऐकणाऱ्याला कळते. भारताच्या जनगणनेनेही कुटुंबाची व्याख्या याच धर्तीवर केली आहे: सामान्यतः एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरातील अन्न घेणाऱ्या व्यक्तींचा समूह म्हणजे कुटुंब. घर हे कुटुंबाचे माप नव्हे, चूल हे माप. सर्वेक्षणासाठी वाडीवर गेलेल्या शिक्षकाने घरे मोजली आणि रकाना कुटुंबांचा असला, तर चूक त्याच्या गणितात नसून शब्दार्थात असते. आणि पुढे योजनेच्या यादीत एका भावाचे नाव येते, दुसऱ्याचे येत नाही.

‘भाग’ हा शब्द एकच असला, तरी त्याच्या पोटात अनेक भिन्न नाती असतात. जॉन लायन्स व डी. ए. क्रूझ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांनी अनुक्रमे १९७७ व १९८६ मधील आपल्या ग्रंथांत या प्रश्नाचा ऊहापोह केला. १९८७ मध्ये विन्स्टन, चॅफिन व हरमन या अमेरिकी अभ्यासकांनी या नात्याचे सहा प्रकार पाडले. वस्तू व तिचे घटक, समूह व त्यातील सभासद, राशी व तिचा अंश, वस्तू व तिचे द्रव्य, क्रिया व तिचा टप्पा, प्रदेश व त्यातील स्थळ असे हे प्रकार होत. चाक बैलगाडीचा घटक आहे, पण ते काढून ठेवले तर ती बैलगाडी नव्हे. ज्वारीच्या पोत्यातून पायलीभर काढली तर ती पायलीही ज्वारीच. दरवाजा सागाचा असतो. मात्र ‘दरवाजाला साग आहे’ असे मराठीत कोणी म्हणत नाही, कारण द्रव्य काढून घेतले तर दरवाजा उरतच नाही. पेरणी, खुरपणी, कापणी हे शेतीचे टप्पे. त्यांचा क्रम बदलत नाही, ही त्यांची विशेषता.

हे प्रकार वेगळे ओळखणे का आवश्यक आहे, ते एका नात्यावरून दुसरे नाते काढू लागले की कळते. मंचर आंबेगाव तालुक्यात आहे, आंबेगाव तालुका पुणे जिल्ह्यात आहे. तेव्हा मंचर पुणे जिल्ह्यात आहे, हे निर्विवाद. स्थळांच्या बाबतीत ही साखळी तुटत नाही. परंतु शिंग हे बैलाचे अंग आणि बैल हा कळपातील एक, म्हणून शिंग हे कळपातील एक ठरत नाही. हे ऐकताना हास्यास्पद वाटते. सहकाराच्या क्षेत्रात त्याच स्वरूपाचा गैरसमज मात्र खराखुरा असतो. शेतकरी गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा सभासद असतो आणि सोसायटी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची सभासद असते. त्यावरून शेतकरी त्या बँकेचा सभासद झाला, असे अनुमान काढता येत नाही. बँकेच्या निवडणुकीत सोसायटीच्या वतीने तिचा प्रतिनिधी मत देतो. ‘बँक आमची, पण मत आम्हाला का नाही?’ असे विचारणारा शेतकरी दोन निरनिराळ्या नात्यांना एकच समजत असतो. त्याला केवळ नियम दाखवून भागत नाही; बँक त्याची असणे म्हणजे नेमके काय, हे समजावून द्यावे लागते.

राशी व अंश या नात्याला कायद्याने एकदा मर्यादा घातली, तेही पाहण्यासारखे आहे. भाषेच्या दृष्टीने जमिनीचा भाग कितीही लहान केला तरी तो जमीनच राहतो. ४० गुंठ्यांचा एक एकर, आणि गुंठाभर जमीन हीदेखील जमीनच. १९४७ च्या मुंबई तुकडेबंदी व तुकडेजोड अधिनियमाने मात्र असे ठरविले की, ठरावीक प्रमाणभूत क्षेत्राहून लहान असलेला जमिनीचा भाग म्हणजे ‘तुकडा’. रोजच्या बोलण्यातला हा साधा शब्द त्या दिवसापासून पारिभाषिक झाला, आणि त्याच्या हस्तांतरणावर निर्बंध आले. ‘माझा तुकडा मी विकतो’ असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याचा ‘तुकडा’ आणि महसूल अधिकाऱ्याचा ‘तुकडा’ हे उच्चाराने एक असले, तरी अर्थाने एक राहिले नाहीत.

‘जमीन’ या शब्दाची व्याप्तीही अशीच वादाची. शेत विकले म्हणजे बांधावरची बाभूळ विकली काय? विहीर विकली काय? उभे पीक विकले काय? मराठेशाहीच्या काळातील इनामपत्रे लिहिणाऱ्या चिटणिसांनी हा प्रश्न ओळखला होता. म्हणूनच त्या पत्रांत जमिनीबरोबर जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी गणना येते. आजच्या वाचकास ती शब्दांची आरास वाटते. पण तीत आरास नाही. पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड, पुरलेले धन आणि ठेव यांपैकी प्रत्येक गोष्ट ‘जमीन’ या शब्दात आपोआप येते असे धरून चालल्यास पुढे भांडण होणार, हे त्या लेखकांस अनुभवाने ठाऊक होते. आणि जे द्यावयाचे नाही ते ‘खेरीज’ या एका शब्दाने वगळले जाई: हक्कदार व इनामदार खेरीजकरून. समावेश आणि खेरीज या दोन हत्यारांनी त्यांनी पूर्णाला भागांचे कुंपण घातले.

आधुनिक कायद्यांनीही तेच केले आहे, मात्र प्रत्येकाने आपापल्या गरजेप्रमाणे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम इमारती लाकडाची उभी झाडे, उभी पिके आणि गवत यांना स्थावर मालमत्तेतून वगळतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील ‘जमीन’ या शब्दात मात्र जमिनीपासून मिळणारे लाभ आणि जमिनीशी संलग्न असलेल्या वस्तू यांचाही समावेश आहे. त्याच अधिनियमाने भोगवट्यातील जमिनीवरील झाडांचा हक्क धारकाकडे ठेवला आहे आणि जमिनीखालील खनिजांचा शासनाकडे. पुरलेले धन सापडले तर काय करावे, यासाठी १८७८ चा स्वतंत्र अधिनियम आहे. म्हणजे इनामपत्रातील त्या गणनेचा एकेक शब्द आज एकेका कलमात जाऊन बसला आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने उभे पीक शेताचेच असते, ‘शेताला यंदा पीक चांगले आहे’ असे तो म्हणतोही. कायद्याच्या एका पुस्तकात ते शेतापासून तुटलेले असते. या ठिकाणी कोण बरोबर आणि कोण चूक हा प्रश्न नाही. खरेदीखतात पिकाचा उल्लेख करणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

व्याख्यांचे कलम वाचताना ‘म्हणजे’ आणि ‘यात समावेश होतो’ या दोन शब्दप्रयोगांकडे लक्ष द्यावे लागते. ‘अमुक म्हणजे तमुक’ असे लिहिले की शब्दाचे दार बंद होते. ‘यात तमुकाचा समावेश होतो’ असे लिहिले की नेहमीचा अर्थ कायम राहून त्यात आणखी भर पडते. मराठीत मसुदा लिहिताना ‘म्हणजेच’, ‘अर्थात’, ‘इत्यादी’ हे शब्द जेथे हवे तेथे आणि नको तेथेही सढळ हाताने पेरले जातात. त्यांतील ‘इत्यादी’ सर्वांत घातक, कारण तो वाचणाऱ्याला वाटेल तितके भाग जोडण्याची मुभा देतो, आणि वाटेल तितके तोडण्याचीही.

आणि मग ‘गाव’. वाडीवर राहणारा माणूस सकाळी ‘गावात जाऊन येतो’ असे सांगून निघतो. म्हणजे त्याच्या तोंडच्या भाषेत वाडी गावाच्या बाहेर आहे. तोच माणूस तहसील कार्यालयात ‘गाव कोणते?’ या प्रश्नाला त्याच गावाचे नाव सांगतो. म्हणजे आता वाडी गावाच्या आत आली. दोन्ही वेळा तो बरोबरच बोलत असतो. पहिल्या वेळी गाव म्हणजे वेशीच्या आतील वस्ती, गावठाण. दुसऱ्या वेळी गाव म्हणजे शिवारासह सारे मौजे. जमीन महसूल अधिनियमाचे ‘गाव’ तर याहूनही विस्तृत आहे: त्या गावाची सर्व जमीन त्यात येते, आणि व्याख्येच्या शब्दांनुसार नगर व शहरदेखील त्यात येते! ‘गावास रस्त्याने जोडणे’ असे उद्दिष्ट कागदावर लिहिले आणि रस्ता गावठाणापर्यंत जाऊन थांबला, तर उद्दिष्ट पूर्ण झाले असे अभिलेखात नोंदविले जाते. ओढ्यापलीकडची वाडी मात्र पावसाळ्यात पूर्वीसारखीच तुटलेली राहते. भाषेतील एक पूर्ण आपल्या भागाला कसे गिळून टाकते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. ‘गाव व त्याच्या सर्व वाड्या-वस्त्या’ असे लिहिण्यास पाच शब्द जास्त लागतात.

आदिवासी भागात या प्रश्नाला कायद्यानेच वेगळे वळण दिले. संविधानाच्या अनुच्छेद २४३ प्रमाणे ‘गाव’ म्हणजे राज्यपालांनी अधिसूचनेद्वारे विनिर्दिष्ट केलेले गाव. तेथे शब्दाचा अर्थ वरून खाली येतो. १९९६ मध्ये संसदेने अनुसूचित क्षेत्रांसाठी केलेल्या पंचायत विस्तार अधिनियमाने, म्हणजे सर्वसामान्यांच्या भाषेतील ‘पेसा’ कायद्याने, गावाची व्याख्या खालून वर नेली. एखादी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, एखादा पाडा किंवा पाड्यांचा समूह, ज्यात एक समाज राहतो आणि आपल्या परंपरा व रूढींप्रमाणे आपला व्यवहार पाहतो, ते सामान्यतः गाव होय. महाराष्ट्राने २०१४ मध्ये यासंबंधीचे नियम केले आणि पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्यासाठी कार्यपद्धती आखून दिली. तोवर पाडा हा महसुली गावाचा केवळ एक अवयव होता. ग्रामसभा गावाची, म्हणून ती मोठ्या वस्तीत भरणार. पाड्यावरच्या लोकांनी डोंगर उतरून तेथे जावयाचे आणि संख्येने थोडे असल्यामुळे मागे बसावयाचे. नव्या व्याख्येप्रमाणे घोषित झालेल्या पाड्याची ग्रामसभा त्याच्या स्वतःच्या अंगणात भरते. एवढे मात्र खरे की, असे गाव घोषित झाले तरी त्याच्या जमिनीचे अभिलेख जुन्याच महसुली गावाच्या नावाने राहू शकतात. त्यामुळे एकच पाडा ग्रामसभेच्या इतिवृत्तात पूर्ण गाव असतो आणि सातबाऱ्यावर गावाचा भाग. अर्ज कोणत्या कार्यालयात द्यावयाचा आहे ते पाहून तेथील रहिवाशांना आपल्या गावाचे नाव लिहावे लागते.